ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीबाबत

त्या मंगळवारी सकाळी मी भांडी घासली, ओटा पुसला, पंप लावून वरची टाकी भरायला सोडली आणि पदराला हात पुसत गॅरेजमध्ये गेले. सोमवारी दुधाची किटली गाडीत ड्रायव्हरच्या पायापाशी कलंडली होती. दुधाचा वास एकदा मुरला की जात नाही, म्हणून संध्याकाळी मी बादलीभर पाणी ओतून तिथला गालिचा घासला होता. सकाळी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दोनचे बटण दाबून सीट मागे घेतली आणि रोजच्यासारखी समोरची काच आतून वर्तमानपत्राने पुसली. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता.

"वाळला का गं?"

"वाळलाय. जा तुम्ही."

"बघ हं. खालचं अस्तर पाणी धरून ठेवतं."

"हात लावून बघितलंय मी. आता वाकत बसू नका, साहेबांची मुलगी स्टेशनवर खोळंबली असेल."

हात मी वरून लावला होता.

वकीलबाईंनी बजावले होते की मृत्युपत्राची सुरुवात प्रतिज्ञेने करा, आठवणी नंतर. पण हे आधी लिहिले नसते तर पुढे लिहायचे धैर्य झाले नसते. आता प्रतिज्ञा.

मी, वय वर्षे बहात्तर, एका ड्रायव्हरची विधवा, शिक्षण चौथीपर्यंत आणि त्यापुढचे वाचन स्वतःचे स्वतः, असे लिहून ठेवते की माझी शुद्ध जागेवर आहे, मोतीबिंदू काढल्यापासून नजरही चांगली आहे, आणि हे लिहायला मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी बहात्तरवर आले तेव्हा ते म्हणाले, "पुरे आजी, तुमच्या वयाला पोचलात." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

या कागदाचा मुख्य हेतू वाटणी हा नाही. माझ्या धाकट्या दिरावर अकरा वर्षे जो ठपका आहे, तो मी ठेवला होता, तो मीच उतरवायचा आहे. वाटणी सोबत उरकून घेते.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅरेज मुलाला. गॅरेजचे दार आत उघडते, बाहेर नाही. तो लहानपणापासून ते बाहेर ओढत आला आहे आणि बिजागरी दोनदा बदलावी लागली आहे. स्वभाव बदलत नाही, निदान दार बदलून घ्यावे.

कलम २. पोस्टातली शिल्लक, दोन बांगड्या आणि शिलाई यंत्र मुलीला. तिने अकरा वर्षांत एकदाही मला विचारले नाही की काकांशी असे का वागलीस. विचारले असते तर बहुधा सांगितले असते. हा तिच्यावर आरोप नाही.

कलम ३. हत्यारे. पाने, रिंग पान्यांचा संच, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न दिराला. यात जॅक नाही. जॅक शेजारच्या शिंप्यांनी चौदा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला आहे. ते आज इथे साक्षीदार म्हणून बसले आहेत आणि हे कलम मी मोठ्याने वाचून दाखवले आहे.

कलम ४. गाडीची माहितीपुस्तिका आणि शब्दकोश सूनबाईला. माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षे एका कारखानदाराची गाडी चालवली. साहेबांनी नवी घेतली तेव्हा जुनी त्याला दिली, आणि साहेबांच्या बाईंनी ती देताना मागचे पडदे तेवढे काढून घेतले. पुस्तिका परक्या भाषेतली, साडेपाचशे पानांची. नवरा गेल्यावर मी ती शब्दकोश घेऊन वाचायला बसले. पहिल्या पानाला नऊ दिवस लागले. कोणी पोथी वाचावी तशी मी वाचते, असे सूनबाई म्हणायची. मी म्हणायचे, पोथीत वायरींचे रंग दिलेले नसतात.

कलम ५. गाडी.

सहा सिलिंडर एका ओळीत, दोन हजार नऊशे साठ सी.सी., एकशे अठ्ठ्याऐंशी अश्वशक्ती, चार गिअरचे ऑटोमॅटिक, ओढ मागच्या चाकांना. पेट्रोलची टाकी नव्वद लिटरची. वजन रिकामे असताना पंधराशे नव्वद किलो. रंग काळसर निळा, आतले चामडे राखाडी. दोन लाख चौदा हजार सहाशे तीस किलोमीटर चाललेली. पुढचे बॉनेट दुमडलेले, डावा दिवा फुटलेला. त्या मंगळवारी झाली तशीच उभी आहे.

या जातीच्या गाड्यांना जे आजार होतात ते लिहून ठेवते, म्हणजे ज्याच्याकडे जाईल तो उगाच घाबरणार नाही आणि जिथे घाबरायला हवे तिथे घाबरेल.

इंजिनच्या डोक्याला मागच्या कोपऱ्यात तेल पाझरते. नवरा म्हणायचा, घाम आहे, रक्त नाही. पुसत राहावे.

इंजिनातल्या वायरींवरचे वेष्टण वाळक्या पानासारखे चुरते. वायर हलवू नये.

मागची बाजू बसते. मागच्या चाकांवर तेलाच्या दाबाचे गोळे आहेत, ते म्हातारे झाले की गाडी मागे कोणी जड माणूस बसल्यासारखी खाली येते. कोणी बसलेले नसते.

दारांची कुलपे हवेच्या ओढीने लागतात. त्याचा पंप डिकीत आहे. दार लावले की काही वेळाने गाडी दीर्घ उसासा टाकते. लहान असताना मुलगी त्याला घाबरायची. बॅटरी काढली की तो बंद होतो, आणि तो बंद झालेला आहे.

हीटरची जाळी गळते, मग गोडसर वास येतो आणि काच आतून धुरकटते. यासाठी जाळीतले पाणी काढून टाकावे. मी दहा वर्षांपूर्वी काढले. तरी समोरची काच रोज सकाळी आतून धुरकटलेली असते. सगळी नाही, ड्रायव्हरच्या बाजूची. नारळाएवढा गोल. याचे कारण पुस्तिकेत नाही.

सहावा आजार सीटचा.

ड्रायव्हरची सीट मोटरवर चालते आणि जागा लक्षात ठेवते. दारावर एक, दोन, तीन अशी बटणे आहेत. एक दाबले की सीट आणि बाहेरचा आरसा पहिल्या माणसाच्या मापाला जातात, दोन दाबले की दुसऱ्याच्या. नवरा बुटका, मी उंच. आमची जोडी म्हणजे खुंटी आणि खांब. त्याची सीट पार पुढे, स्टिअरिंगला पोट टेकेल अशी. मी गाडी कधी चालवली नाही. पण काच पुसायला रोज बसायचे आणि गुडघे आपटायचे. लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने मला बसवून, सीट मागे नेऊन, बटण धरून ठेवले आणि म्हणाला, "हे दोन नंबर तुझं. बाकी कोणाला देऊ नकोस." मला दुसऱ्या कोणत्या वस्तूवर असा हक्क मिळाल्याचे आठवत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी दोन दाबून बसायचे, काच पुसायचे, उतरायचे. तो एक दाबून बसायचा. दोनवरून एकवर जायला सीटला नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो चहा संपवायचा.

हे सगळे लक्षात ठेवणारी पेटी सीटखाली, गालिच्याच्या अस्तराला चिकटून आहे. तिच्यात पाणी गेले की सीट आपल्या मनाने हलते. पुस्तिकेत यावर ठळक चौकट आहे, पण मला ते पुस्तिका वाचायच्या आधीच माहीत होते. नवरा आणि दीर जेवतानाही तेच बोलायचे. "सीटखाली पाणी जाऊ द्यायचं नाही," हे आमच्या घरात "दिवा मालव" इतक्या सहज म्हटले जायचे.

कलम ६. दीर.

दीर गाड्यांचे वायरमन. रस्त्यापलीकडे त्यांचे दुकान होते. नवऱ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना शाळेचा डबा मी भरून द्यायचे. अपघाताच्या आठ दिवस आधी त्यांनी या पेटीचा एक सैल झालेला जोड सोल्डर करून दिला होता.

मंगळवारी नवरा स्टेशनकडे निघाला. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर सीट आपोआप मागे गेली, दोनवर, माझ्या मापाला. उताराच्या तळाला गोदामाची भिंत आहे. त्याला काढले तेव्हा त्याचे पाय ब्रेकपासून वीतभर दूर लोंबत होते. हे मला पोलिसांनी सांगितले नाही, चहाच्या गाडीवाल्याने सांगितले. संध्याकाळी गाडी ओढून आणून गॅरेजमध्ये ठेवली.

गुरुवारी विम्याचा माणूस आला. दीर त्याच्याबरोबर होते. घरात माणसे बसलेली होती, गॅरेजच्या दारातही उभी होती. दिरांनी वाकून सीटखाली हात घातला, पार अस्तराखाली, कोपरापर्यंत. बराच वेळ तो हात आतच होता.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

विम्याच्या माणसाने विचारले, "म्हणजे पाणी नाही?"

"थेंब नाही." मग ते जमिनीवरच बसले. "वहिनी, पाणी नाही. मग माझंच सोल्डरिंग सुटलं."

पेटी उघडून बघायचा धीर त्यांना झाला नाही. विम्याच्या माणसाने 'सदोष दुरुस्ती' असे लिहिले आणि पेनाला टोपण लावले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्या हातानं माझं घर गेलं."

त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्याचे असावेत तसे.

महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केले. तेव्हापासून ते गाडीला हात लावत नाहीत. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. रस्त्यावर गाडी बंद पडलेली दिसली तर पलीकडच्या बाजूने जातात. त्यांच्या मुलीचे जमत आलेले लग्न याच बोलण्यावरून मोडले, हेही माझ्याच नावावर लिहून घ्यावे.

डॉक्टर आत्ता म्हणाले, "आजी, हे तोंडानं सांगून टाका की. दोन गल्ल्या सोडून तर राहतात दीर." गेले होते. तीन वर्षांपूर्वी मिक्सर हातात घेऊन गेले. दिरांनी तो उघडला, फिरवला, कान लावला. म्हणाले, "वहिनी, ह्यात काहीच बिघाड नाही."

"नाही?"

"नाही. बसता का? चहा टाकायला सांगतो."

मी मिक्सर उचलून परत आले.

कलम ७. पेटी. दुसऱ्या वर्षी मी बॅटरी काढून विकली आणि पुस्तिकेतले पान समोर धरून, चार स्क्रू फिरवून, सीटखालची पेटी बाहेर काढली. ती कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. हा कागद वाचला जाईल तेव्हा दिरांना खुर्ची द्यावी, मुलगा, मुलगी, सून उभे राहिले तरी चालेल, आणि पेटी दिरांच्याच हाताने उघडावी. मी उघडून पाहिले आहे, त्यांचा सोल्डरिंगचा जोड अजून चकाकतो आहे, केसभरही सुटलेला नाही. बाकी अर्ध्या पेटीत हिरवी बुरशी चढलेली आहे आणि भांड्याच्या तळाला राहते तशी पाण्याची रेघ आहे. वास घ्यावा. अकरा वर्षांनीही नासक्या दुधाचा येतो. दूध सोमवारी मी सांडले होते.

कलम ८. आता जे लिहिते ते वकीलबाई गाळा म्हणाल्या होत्या. मी गाळणार नाही.

गाडीत बॅटरी नाही. पेटी नाही. अपघातानंतर सीट दोनवर होती आणि पेटी काढली तेव्हाही मी ती दोनवरच सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुसायला गेले तर ती एकवर होती.

मी काच पुसणे कधी बंद केले नाही. रोज पावणेसातला ओटा पुसून झाला की गॅरेजकडून घरघर ऐकू येते. मी मोजते. नऊ भरतात. दार उघडते तोवर थांबलेले असते. सीट पुढे, काचेवर गोल. मी पाय दुमडून त्या सीटवर कशीबशी मावते आणि तो गोल पुसते. मी सीटच्या रुळावर खडूची खूण केली, दोरा बांधला. दोरा तुटला नाही, सुटलेला सापडला.

मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "आई, तूच सरकवतेस आणि विसरतेस."

"वीज नसताना ही सीट हलवायची तर खाली झोपून पान्याचे दोनशे फेरे द्यावे लागतात. पान एकशे शहाण्णव. माझे गुडघे बघ आणि बोल."

सूनबाई एकदा एकटी जाऊन आली. स्वयंपाकघरात येऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ हात पाण्याखाली धरले. म्हणाली, "आई, मी बसले नाही हो. नुसता हात ठेवला. सीट गरम आहे." त्यानंतर तिने विषय काढला नाही, पण सकाळी पावणेसातला ती रेडिओ मोठा करते.

मी भीत नव्हते. त्याची जागा त्याने घेतली, माझी नाही मागितली, असे मी समजत होते. दोनचे बटण अकरा वर्षांत मी दाबलेले नाही.

गेल्या सोमवारी घरघर ऐकू आली ती नेहमीच्या वेळेच्या आधी. मी दार उघडले. सीट मागे होती, माझ्या मापाला. काच स्वच्छ होती. मी बसले, पाय सरळ केले. इतक्या वर्षांनी गुडघे कुठे आपटले नाहीत. बाहेरचा आरसा हळूहळू वळत माझ्या डोळ्यांच्या उंचीला येऊन थांबला. त्यात मला स्वयंपाकघराचे दार दिसले, सताड उघडे. ते मी कडी लावून आले होते.

मी उतरले आणि वकीलबाईंना फोन केला. रोज सीट तिथेच आहे, वाट बघत. मला बोलावणे आले असेल तर मी जाईन. पण आधी हे लिहून व्हायला हवे होते.

कलम ९. गाडी मुलाला मिळणार नाही. त्याला ती दुरुस्त करून, चालवून बघून विकायची आहे, एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवले आहे. पण तो उंचीने माझ्यावर गेला आहे. दोनचे माप त्याला तंतोतंत बसते. म्हणूनच त्याला नाही. गाडी दिराला. त्यांनी ती मोडावी, चालवावी, भंगारात द्यावी, मला विचारू नये. ज्या दिवशी ते तिच्या बॉनेटला पुन्हा हात लावतील त्या दिवशी माझे देणे फिटेल असे नाही, पण त्यांचे हात त्यांना परत मिळतील.

कलम १०. माझ्या मागे काच कोणी पुसू नये.

वरील सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, वाचून दाखवले, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली. साक्षीदारांनी माझ्या देखत केली.

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे डॉक्टर. (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे शिंपी. (सही. जॅक उद्या सकाळी आणून देतो असे म्हणाले.)
लिहून देणार: ड्रायव्हरची बायको. (सही)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ९ मार्च, गुरुवार, दुपारी सव्वाचार.

सह्यांनंतर जोडलेला मजकूर. शिंप्यांनी सही करून पेन ठेवले आणि विचारले, "पण वहिनी, दुधाचं पाणी होतं म्हणता, तर गुरुवारी तुमच्या दिरांना अस्तर कोरडं कसं लागलं?" प्रश्न बरोबर आहे. तो दीरही विचारतील, म्हणून उत्तर इथे लिहिते आणि त्याखाली आम्ही तिघे पुन्हा सही करतो.

मंगळवारी संध्याकाळी गाडी घरी आली. रात्रभर माणसे होती, मी जागची हलले नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळे त्याला पोचवायला गेल्यावर मी गॅरेजचे दार आतून लावले, गालिचा उचलला, खालचे अस्तर सोडवून बाहेर काढले, ते दोन्ही हातांनी पिळले, त्यावर गरम इस्त्री फिरवून कोरडे केले आणि होते तसे परत बसवले.